उजव्या टोकाची खूण

माझ्या प्रयोगात चूक काढून दाखवा, असं मी त्या दिवशी प्रयोगशाळेत छाती पुढे काढून सांगत होते! जोरात सायकल चालवली की घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक थोडा वेळ उतरतं. पन्नाशीपुढच्या बायकांतही तसंच होतं का, एवढंच मला बघायचं होतं. चार उपाशी बायका, चार सायकली, मोजून वाढलेली चार ताटं. चौथी बाई आलीच नाही. तेवढ्यात आई माझा डबा घेऊन आली.

“तू काही खाल्लंयस?” मी तिला विचारलं.

“नाही गं, वेळच झाला नाही.”

“उत्तम! बस सायकलवर!”

सायकलवर बसण्याआधी एकदा आणि पाऊण तासाने पुन्हा सगळ्यांचं रक्त घेतलं. मग कागदावरच्या रेघेवर खूण करायची: डावं टोक ‘अजिबात भूक नाही’, उजवं ‘फार भूक’. आईने केली थेट उजव्या टोकाला.

“आई, टोक चुकलं तुझं. व्यायामाने भूक मरते.”

“हो का? मग तू म्हणतेस तिथे करते.”

तिने खोडून डावीकडे फुली मारली. ताटं वाढून मी रक्ताच्या नळ्या ठेवायला गेले. परत येते तर चारही ताटं जवळजवळ भरलेली! पाव, अंडी, केळी, सगळं जिथल्या तिथे. माझ्या मार्गदर्शक मॅडम हरखून ताटं पुन्हा पुन्हा तराजूवर चढवत होत्या. एवढ्यात सायकलवाल्या तिघींपैकी टपालखात्यातल्या बाई घरी निघता निघता जिन्यात मटकन बसल्या.

“काय झालं?”

“भूक हो! तुमच्या आईंनी शपथ घातली ना! पोरीचा प्रबंध आहे, दोन घासांपेक्षा जास्त कोणी खायचं नाही म्हणाल्या!”

मॅडमचा चेहरा पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा उतरला.

“आई, कोणी सांगितला होता हा शहाणपणा?”

“अगं, तुझं खोटं पडलं असतं.”

“जा तू घरी!”

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही.

महिन्याने रक्ताचे अहवाल आले. तिघींचं घ्रेलिन शहाण्यासारखं उतरलेलं. आईचं चढलेलं.

“हा आकडा गाळ,” मॅडम म्हणाल्या. “काहीतरी चूक दिसते.”

मी तिचा कागद काढला. खोडलेली खूण अजून स्पष्ट दिसत होती. सायकलची सीटही अजून तिच्याच उंचीला होती. त्या सीटशी बोलणारी बाई कशी दिसत असेल, ते मला कळत होतं. तरी मोठ्याने म्हणाले, “आई, टोक बरोबर होतं तुझं. चुकलं माझंच. घरी नको जाऊस. आधी जेव.”