दुसऱ्या नावानं सांग

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये टूल स्टोअरच्या खिडकीत टेमगिरेकाका बसतात, आणि त्यांच्या हातून ड्रिल सुटणं म्हणजे दिव्यच.

"काका, एक बाय दोनचं ड्रिल द्या."

"दुसऱ्या नावानं सांग."

"अहो, अर्धा इंच!"

"त्ये बोलायचं झालं. आकड्यात सांग."

मग आपण म्हणायचं, दोन बाय चार, चार बाय आठ, काहीही. तेव्हा कुठे खण उघडणार. मागे रांग लागलेली, सुपरवायझर ओरडतोय, काका ढिम्म. "एक बाय दोन ह्ये म्हायेरचं नाव, आठ बाय सोळा सासरचं. बाई तीच. रतीभर फरक न्हाई."

मी परभणीहून नवी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा घाम काढला. पाच बाय आठचं दुसरं नाव काही सुचेना, म्हणून मी ठसक्यात म्हटलं, "मग नऊ बाय सोळाचं द्या. ते तर मोठंच आहे!"

"मोठं? कशावरनं?"

"नऊ पाचापेक्षा मोठे, सोळा आठापेक्षा."

काकांनी कपाळावर हात मारला. "अगं, दोन गावच्या बाया, उंची कशी बघशील? आधी एका गावात आन. पाच बाय आठची वर-खाली दुप्पट कर."

"दहा बाय सोळा."

"आता दोगी सोळाच्या गावच्या. कोन मोठी?"

दहा. म्हणजे पाच बाय आठच. मागची रांग खो खो हसली. मला असा राग आला होता म्हणता, दोन दिवस त्या खिडकीकडे फिरकले नाही.

गेल्या महिन्यात शिफ्ट सुटताना काकांना शेजारणीचा फोन आला. सुमनकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, घरात नव्हत्या. दार सताड उघडं. काकूंचं विसरणं दोन वर्षांपासून वाढत चाललंय, हे मला तेव्हा कळलं. कुणीतरी त्यांना अनवाणी बस स्टँडकडे जाताना पाहिलं होतं. स्टोअरची खिडकी कधी क्षणभर उघडी न टाकणारा माणूस ती तशीच टाकून निघाला. मी त्यांना स्कूटीवर घेतलं.

स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. चाकणच्या तीन बस इंजिन सुरू करून उभ्या.

"एखादीत बसली आन् हायवेला कुटंतरी उतरली, तर?" काका म्हणाले.

कंट्रोलरने माइकवर पुकारलं, "सुमन टेमगिरे, असाल तिथून ऑफिसकडे या." तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. पहिली बस हलली.

"दुसऱ्या नावानं सांगा!" काका एकदम ओरडले आणि कंट्रोलरच्या हातातून माइक त्यांनी हिसकावूनच घेतला. "बबी! काळूसच्या वामनतात्याची बबी! कुटं हायेस गं?"

दुसऱ्या बसच्या खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं. "कोन हाका मारतंय रं?"

आम्ही पळालो. पळता पळता काका म्हणाले, "लग्नात ताटातल्या तांदळावर सुमन म्याच लिवलं व्हतं. नेमकं तेवढंच पुसलं, बग."

काकू माहेरी निघाल्या होत्या. मांडीवर रिकामी पिशवी, पाय धुळीने माखलेले. त्यांनी काकांना नखशिखांत न्याहाळलं.

"तुमी कोन? मी न्हाई वळखत तुमाला."

चाळीस वर्षं संसार केलेला नवरा. मला वाटलं, हा माणूस आता इथेच कोसळणार. पण त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुज्याच गावचा हाय मी. काळूसचा."

काकूंचा चेहरा खुलला. त्या खिडकीकडे सरकल्या. "मग बसा की! उभं कशापायी?"

काका त्यांच्याशेजारी अंग चोरून बसले. खरं तर सात पिढ्या कुरुळी गावचे; काळूस ही त्यांची सासुरवाडी. मी बसचा दांडा धरून सगळ्यांदेखत रडले.