फळी थंड होईपर्यंत

ब्रह्मपुरीत सध्या कोणाचे टी-शर्ट छापले जातायत हे विचारायला देवाजीभाऊंच्या दुकानात जावं लागत नाही. त्यांचा उजवा गाल बघितला की कळतं. आंबेडकर जयंतीच्या आधी गाल निळा, सफारीच्या गाईड लोकांची ऑर्डर असली की हिरवा, आणि निवडणुकीत तर सगळे पक्ष त्या एकाच गालावर गुण्यागोविंदाने नांदतात.

टी-शर्टवर चार रंग छापायचे तर एक रंग मारून हीटरखाली वरवर वाळवायचा, मगच दुसरा. वाळला की नाही हे सगळे कारागीर बोटाने बघतात. देवाजीभाऊ गाल टेकवतात. "बोटं मेली माही. गाल जिता हाय," म्हणतात. रंग ओला असला तर गालाला लागतो आणि भाऊंना आपण बरोबर असल्याचा आनंद होतो.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्यांना लागूनच आहे, त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञान मला फुकट मिळतं. ते तीन शब्दांचं आहे: "घाई केली, चिकटलं." कोणाचं लग्न मोडलं, नवा रस्ता उखडला, सरकार पडलं, सगळ्याला हेच. मशीनच्या बाबतीत मात्र ते खरं आहे. त्यांच्या मशीनला गोल फिरणाऱ्या चार फळ्या आहेत, टी-शर्ट त्यांवर चढवतात. हीटर सारखा चालला की फळीच तापते, मग रंग वाळत नाही, लोण्यासारखा मऊ राहतो, ज्या जाळीतून रंग मारतात त्या वरच्या जाळीला चिकटतो आणि पुढच्या टी-शर्टवर जाऊन बसतो.

म्हणून दुकानात गरम चहा प्यायला बंदी. भांडायलाही बंदी. एकदा ताप अंगावर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "आधी दवाखान्यात जा बापा, मंग इथी ये."

दिवाळीपर्यंत मशीनच्या पलीकडे कमलबाई, म्हणजे भाऊंची बायको, उभ्या असायच्या. भाऊ रंग मारायचे, त्या टी-शर्ट उतरवायच्या. मग नागपुरात मुलाला मुलगा झाला आणि त्या नातवासाठी तिकडे गेल्या. भाऊ सगळ्यांना सांगत सुटले, "बरं झालं. तिच्या बडबडीनं फळी तापत होती." दुसरा माणूस काही ठेवला नाही. एकटेच मशीनभोवती फिरत राहिले.

मे महिन्यात बंटी आला. बंटी म्हणजे इथल्या एका पुढाऱ्याचा उजवा हात. त्याला साहेबांचा चार रंगांतला चेहरा आणि खाली 'आपला माणूस' असे टी-शर्ट हवे होते, त्याच संध्याकाळच्या सभेसाठी. भाऊंनी मला हाक मारली, "इकडं ये बाबू, उतरवाले उभा राय." मी उभा राहिलो.

पहिले टी-शर्ट झकास निघाले. मग फळ्या तापल्या. एका टी-शर्टवरची साहेबांची मिशी उचकटून जाळीला चिकटली आणि पुढच्यावर साहेबांच्या कपाळावर उमटली.

बंटी ओरडला, "दोन मिशा? साहेबांना दोन मिशा काऊन?"

"असू दे ना," भाऊ म्हणाले, "विरोधकांनी एक उपटली तरी एक उरन."

मशीन थांबवून भाऊ म्हणाले, फळ्या थंड होऊ द्या. बंटीला धीर कुठला? त्याने सभेच्या मांडवातला भला मोठा कूलर उचलून आणला आणि मशीनसमोर लावला. पाण्याचे तुषार टी-शर्टवर उडाले आणि साहेबांची मिशी ओघळत ओघळत दाढी झाली.

"घ्या," भाऊ म्हणाले. "साहेब महाराज होऊन राह्यले."

बंटी टी-शर्ट न्याहाळत राहिला. "तसंही चालते," तो पुटपुटला. भाऊंनी कूलर बाहेर काढला, "आता फळी सांगन तवाच मशीन फिरन," असं जाहीर केलं आणि मागच्या परसात निघून गेले.

सभेचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. टी-शर्ट वेळेत पोचले, साहेबच आले नाहीत.

पण त्या दुपारी हे कोणाला ठाऊक? बंटी दारात येरझारा घालत होता. बऱ्याच वेळाने मी फळीला हात लावून पाहिला. माठासारखी गार. चारही तशाच. भाऊंना सांगायला मागे गेलो.

रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून भाऊ फोनवर बोलत होते. "...मंग त्या मिशीची दाढी झाली ना!" आणि हसत होते. भाऊंना असं हसताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. फोनमधून कमलबाईंचंही हसू येत होतं, मागे बाळ रडत होतं.

"आता ठेवा," त्या म्हणाल्या. "दुकानात लोक खोळंबले असतीन."

"नाई ना. फळी तापलेलीच हाय अजून." भाऊंचा आवाज एकदम लहान झाला. "तू बोल. तो लहाना काऊन रडून राह्यला? त्याच्या कानाले लाव ना फोन."

एवढ्यात मी दिसलो. भाऊंनी फोन छातीशी धरला आणि ते जमिनीकडे बघू लागले.

"भाऊ," मी म्हटलं, "फळी अजून गरमच आहे. सावकाश या."

आत आलो. बंटीने विचारलं, "झाली का थंडी?"

मी त्या गार फळीवर तळहात टेकवला, पटकन मागे घेतला आणि म्हणालो, "नाई बंटी. लय चटका बसते अजून."