काटेकोरांची पहाट

"अहो, उभ्याउभ्या काय झोपताय? साडेअकराला मुलाखत आहे," असे म्हणत बायकोने काटेकोरांच्या तोंडातला दात घासायचा ब्रश काढून घेतला.

कारखान्याच्या उपकरण दुरुस्ती विभागात सगळे त्यांना काटेकोर म्हणत. एकोणीस वर्षे रात्रपाळी झाली होती. दिवसपाळीच्या पर्यवेक्षकाची ही एकच जागा निघाली होती. ती हुकली, तर नवराबायकोची भेट निवृत्तीपर्यंत दाराशीच होत राहणार होती.

तयारीत कसूर नव्हती. डॉक्टरांनी सांगितले होते, "मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या वरच काही हजार पेशी असतात. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून त्या शरीराचं घड्याळ लावतात. सकाळचा उजेड घ्या, झोपेची वेळ अलीकडे येईल." काटेकोर आठ दिवसांची रजा काढून रोज सहा ते आठ गच्चीत बसले. वहीत नोंदी ठेवल्या. पूर्वी सकाळी आठला येणारी झोप रोज अर्धा तास पुढे सरकू लागली.

"लांबतेय की हो ती," बायको म्हणाली.

"मात्रा कमी पडतेय." त्यांनी समोर दोन मोठे दिवे लावले. आज आठव्या दिवशी झोपेची वेळ दुपारी बारावर येऊन ठेपली होती.

मुलाखतीला बोलावणे आले तेव्हा बाराला दहा मिनिटे कमी होती. डोळे मिटू नयेत म्हणून काटेकोर मांडीला चिमटे काढत होते.

मुख्य अभियंता बाईंनी विचारले, "भट्टी तापतेय. तापमानाचं नियंत्रक यंत्र दुरुस्ती करतंय, तरी तापमान वाढतंच आहे. काय कराल?"

काटेकोरांनी आणखी एक चिमटा काढला. मग काटेकोरांचे डोळे हळूहळू विस्फारले.

"मात्रा वाढवणार नाही. आधी दिशा तपासेन. दुरुस्ती उलटी लागली असेल, तर जितकी जास्त तितका घोटाळा."

"एवढं छातीठोक?"

"आठ दिवस तेच केलंय, मॅडम."

"कुठल्या भट्टीवर?"

"स्वतःवर. रात्रपाळीवाल्याच्या शरीराची पहाट दुपारी दोनला होते. सकाळच्या उजेडानं त्याला अजून मावळलंच नाही असं वाटतं. मी रोज माझी संध्याकाळ लांबवत बसलो. आता माझी पहाट चार तास सरकून संध्याकाळी सहावर गेलीय."

बाईंनी सहकाऱ्यांकडे पाहिले. दोघांनीही माना डोलावल्या. "जागा तुमची. उद्या सकाळी सातला रुजू व्हा."

काटेकोरांची मान छातीवर टेकली होती. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर बारा वाजले होते.

"उठवू का?" एका सहकाऱ्याने कुजबुजत विचारले.

"नको. पत्रावर पंधरा दिवसांनंतरची तारीख घाला," बाई आवाज न करता उठत म्हणाल्या. "पडदे ओढून घ्या. आणि सहा वाजता आठवणीनं उघडा."