हिरामामांचं ताडीचं दुकान

आपल्याच गिऱ्हाइकांना हाकलणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. हिरामामा. पनवेलच्या भर बाजारात त्यांच्या आज्यानं काढलेलं ताडीचं दुकान होतं आणि भिंतीपलीकडे माझं बिऱ्हाड. मी शाळेत मास्तर. संध्याकाळी शेतावरून, मिठागरावरून माणसं यायची. करंजाड्याचा गोमा ढोलकीवर थाप मारायचा आणि जुनी आगरी गाणी सुरू व्हायची. मध्ये कोणी बोललं की मामा त्याच्या हातातला पेला काढून घेत. "भाईर जा, बोलून घे, मंग ये!"

एकदा फौजदारसाहेब आले आणि ऐन गाण्यात शेजारी बसलेल्याला आपल्या बदलीची हकीकत सांगू लागले. मामांनी त्यांचाही पेला उचलला.

"सायेब, बदली उंद्या पन व्हईल. गाना आताच हाय."

फौजदार मुकाट्यानं ओट्यावर जाऊन उभे राहिले. गाणं संपल्यावर आत आले नि म्हणाले, "हेच परत होऊ द्या."

पुढे दारूबंदी आली. मामांनी तिथंच चहा सुरू केला. चहा भयंकर! तक्रार केली तर म्हणत, "ताडीत कदी साखर टाकली व्हती का? मना काय ठावं किती लागते!" हळूहळू गाणारे पांगले. गोमा तेवढा रोज यायचा, एकटाच ढोलकी वाजवायचा. मग त्याच्यावरून वारं गेलं, उजवं अंग लुळं पडलं आणि तोही यायचा थांबला.

तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद. विचारलं तर मामा गुरकावत, "काम हाय."

एका रविवारी मी गोमाला बघायला करंजाड्याला गेलो. घरातून वंगण नसलेल्या गाडीच्या चाकासारखा आवाज येत होता. आत गोमा बाजेवर पडून डाव्या हातानं ढोलकी वाजवत होता आणि जमिनीवर बसून, डोळे मिटून, चक्क हिरामामा गात होते!

मला पाहून ते ओशाळले. "मास्तर, बाजारात सांगू नका. वाजवाला त्याला गाना लागतो. दुसरा कोन येतो हितवर?"

गोमानं अधीरपणे थाप मारली. मामांनी घाईघाईनं कडवं धरलं, ते भलत्याच सुरात. गोमा वाकड्या तोंडानं खदखदून हसला.

"पडल्यापासून हे हासाचं इसरले व्हते," त्याची बायको मला हळूच म्हणाली. "मामा गातान तवाच हासतान."

मामांनी ते ऐकलं असावं. पुढचं कडवं त्यांनी आणखी मोठ्यानं म्हटलं.