सुदार्मोचे गुड्स

जेपारा गावात सागवानावर नक्षी कोरण्यात सुदार्मोचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा पलंग आता पहिल्यांदाच परदेशी निघाला होता. बंदराचा फॉर्म मात्र इंग्रजीत.

"लेकीला विचारा," त्याची बायको मूर्तिनी म्हणाली.

"तिची परीक्षा आहे. आणि मला काय शब्दकोश बघता येत नाही?" म्हणत त्याने चष्मा चढवला.

पहिलाच रकाना, 'गुड्सचे वर्णन'. कोशात गुड म्हणजे चांगलं. म्हणजे गुड्स हे पाठवणाऱ्याचे चांगले गुण! परदेशी लोक माणूस पारखूनच व्यवहार करत असणार, हे त्याला मनापासून पटलं. त्याने लिहिलं: पहाटे उठतो. आवाज चढवत नाही. घरकामाला हातभार लावतो. वजन? अठ्ठावन्न किलो. नवे की वापरलेले? वापरलेले, चोपन्न वर्षं. नाजूक भाग? गुडघे.

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको पलंगाची पेटी घेऊन सेमारांगच्या बंदरावर पोचले. बोट चारला सुटणार होती. ती चुकली तर गिऱ्हाईक गेलं आणि चार महिन्यांचं कोरीव काम पाण्यात. खिडकीमागच्या कारकून हप्सारीबाईंनी फॉर्म वाचला, पेटीकडे पाहिलं आणि दोन पहारेकरी बोलावले.

"काका, पेटीत कोण आहे?"

"पलंग आहे, बाई."

"पलंग पहाटे उठतो?"

सुदार्मोने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तो मी."

"म्हणजे पेटीत तुम्ही आहात?"

"नाही, मी इथे आहे."

"मग आत चोपन्न वर्षांचा कोण आहे? त्याला हवा मिळतेय ना?"

एका पहारेकऱ्याने पेटीला कान लावला. "आतून आवाज येत नाही, बाई."

"आवाज चढवत नाही तो," बाई म्हणाल्या. "लिहिलंय इथे."

घड्याळात तीन वाजले. सुदार्मोच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली. चाचरत चाचरत त्याने शब्दकोशाची हकिकत सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, गुड्स म्हणजे माल. विकायचा माल."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी सगळे गुण खोडून 'सागवानी पलंग, नग एक' असं लिहिलं आणि शिक्का उचलला.

मूर्तिनी पुढे झाली. "बाई, आधी काय लिहिलं होतं?"

बाईंनी खोडलेल्या ओळी वाचून दाखवल्या. पहाटे उठतो, आवाज चढवत नाही, घरकामाला हातभार लावतो. मूर्तिनीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शिक्का थांबवा जरा," ती म्हणाली. "पेटी उघडाच. एकतीस वर्षांच्या संसारात असा माणूस मी बघितलेला नाही."