बिस्किटांच्या डब्यातला ईयोब

एकतीस वर्षांत माझं एक कार्ड हरवलेलं नाही! एकसुद्धा! हे वाक्य मी आजही छातीठोकपणे म्हणतो. म्हणताना कान का लाल होतात, ते पुढे कळेलच.

मी एल्काना मर्झबाख. जेरुसलेमला विद्यापीठात प्राचीन हिब्रू शास्त्रग्रंथ शिकवतो, त्यातही ईयोबाचं पुस्तक. बिचाऱ्या ईयोबाची गुरं गेली, पोरं गेली, अंगभर फोड आले. पण त्याला तेल अवीवचा प्रोफेसर पेलेग कधी भेटला नाही, हे त्याचं नशीब! हा पेलेग वीस वर्षं सांगत फिरतोय की ईयोबाचा शेवटचा अध्याय कुणीतरी मागाहून चिकटवलाय. मी म्हणतो, लेखक एकच! पुरावा? चार हजार दोनशे कार्डं! एकेका शब्दाला एकेक कार्ड, माझ्या हातानं लिहिलेलं, बिस्किटांच्या अकरा पत्र्याच्या डब्यांत नंबरवार लावलेलं.

"सर, कॉम्प्युटरवर का नाही घालत?" विद्यार्थी विचारतात.

"कॉम्प्युटर बिघडतो. डबा कधी बिघडलेला पाहिलाय?"

यंदा वल्हांडणाच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या आठवडाभराच्या बेखमीर भाकरीच्या सणात, तिसऱ्या दिवशी संमेलन होतं. निवृत्तीआधीचं माझं शेवटचं व्याख्यान, आणि पहिल्या रांगेत पेलेग! बेत पक्का होता. डबे मंचावर न्यायचे, एकेक कार्ड काढायचं आणि भरसभेत पेलेगचा भुगा करायचा.

आता, सणाआधी आमच्या घरात जे चालतं त्याला साफसफाई म्हणत नाहीत, झडती म्हणतात. पाव, बिस्कीट, फुगलेल्या पिठाचं काहीही म्हणजे खमीर, आणि सणात त्याचा कणही घरात राहता कामा नये! माझी बायको त्सिला पुस्तकं उलटी धरून झटकते. एका वर्षी मलाही बाल्कनीत नेऊन झटकलं होतं.

"दोन दिवस लायब्ररीत जाऊन बस," तिनं हुकूम सोडला. "आणि खिशातलं बिस्कीट इथेच काढून ठेव!"

सण संध्याकाळी लागणार, त्या दुपारी परत आलो, तर फळी रिकामी!

"त्सिला! माझे डबे?"

"कोणते?"

"बिस्किटांचे!"

"बिस्किटांचे ना? मग विकले."

विकले! जुनं वर्तमानपत्र विकावं तसं म्हणाली! आमच्यात उरलंसुरलं खमीर टाकून द्यायचं नसेल तर कपाटात कोंडतात आणि रब्बीमार्फत, म्हणजे धर्मगुरूमार्फत, आठवड्यापुरतं परधर्मीयाला विकतात, चांगलं सही-शिक्क्यानिशी. दरवर्षी त्या फॉर्मवर मी सही करतो आणि दरवर्षी न वाचता करतो. जगाला एकेक ओळ तीन-तीनदा वाचायला लावणारा माणूस मी! फॉर्मवर त्सिलाच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बाल्कनीतलं कपाट, आतल्या सर्व वस्तूंसह.'

"अगं, पण त्यात कार्डं आहेत!"

"मी उघडून बघितलं ना. वर कार्डं, खाली चुरा. सातव्या डब्यात एक अख्खं तिळाचं बिस्कीट होतं, एल्काना! एकतीस वर्षं तू संशोधन करत होतास की नाश्ता?"

सणाच्या पहिल्या दिवशी फोनला हात लावायचा नसतो, तो दिवस दातओठ खात काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच रब्बी अस्रिएलना फोन लावला.

"कार्डं काय मी खाणार आहे का?" मी ओरडलो.

"कार्डांवर काम करताना तुम्ही बिस्किटं खाल्लीत?"

"...चहाबरोबर."

"रोज?"

"दोनदा."

"मग डबे खमिराचेच. सण संपेपर्यंत मालक दुसरा आहे, प्रोफेसर. त्यालाच विचारा."

मालक म्हणजे नुबार. आर्मेनियन वस्तीत फ्रिज दुरुस्त करतो. एकोणीस वर्षं आमच्या अख्ख्या मोहल्ल्याचं खमीर तोच विकत घेतोय. मी दुकानात शिरलो आणि सगळं सांगितलं, तसे त्याचे डोळे भरून आले.

"एकोणीस वर्षं, प्रोफेसर! तुमच्या लोकांचा पाव घेतला, शेवया घेतल्या, व्हिस्की घेतली. एक माणूस कधी विचारायला आला नाही! सगळ्यांना वाटतं नुबारचं नुसतं नाटक आहे. तुम्ही पहिले! बसा, बसा."

"मग देताय ना माझी कार्डं?"

"माझी," नुबार शांतपणे म्हणाला. "आणि माल बघितल्याशिवाय कसं सांगू?"

दुपारी हा गृहस्थ माझ्या घरी आला. माझ्या बाल्कनीत, माझ्या खुर्चीवर बसला. कपाटाची चिकटपट्टी कापून त्यानं माझे डबे उघडले आणि वाचत बसला! मी दारात, शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा! आणि त्सिला? ती त्याला अक्रोड सोलून देत होती!

"या ईयोबाचे मित्र भारी आहेत हो," नुबार म्हणाला. "मदतीला म्हणून आले आणि उपदेश करून गेले. फ्रिज बंद पडला की शेजारी असेच येतात."

"नुबार, उद्या माझं व्याख्यान आहे!"

"मग झालं तर. तुम्हाला हात लावता येत नाही, मला येतो. मीच घेऊन येतो. तुम्ही नंबर सांगा, मी वाचतो."

"तुम्ही? विद्यापीठात?"

"का? माल कुणाचा?"

मी नंबरांची यादी काढायला बसलो. शास्त्र त्याच्याच बाजूचं होतं.

दुसऱ्या दिवशी नुबार मुलीच्या लग्नातला तपकिरी सूट घालून हजर. मंचावर अकरा डबे ओळीनं मांडलेले आणि मागे हा, जसा काही ईयोबाचा वकीलच!

"कार्ड तीनशे चार!" मी गरजलो.

नुबारनं चुरा झटकला आणि खणखणीत आवाजात वाचलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"कार्ड अकराशे नव्वद!"

काय सांगू, रंगली हो सभा! पुरावे कोसळत होते आणि पेलेगचा चेहरा बेखमीर भाकरीसारखा चपटा होत चालला होता. आता शेवटचा घाव!

"कार्ड दोन हजार दोनशे सतरा!"

नुबारनं वाचलं. टाळ्या! मी वाकून नमस्कार करणार, एवढ्यात त्यानं कार्ड उलटं केलं.

"मागे पण लिहिलंय."

"मागचं नको!" मी म्हणालो. मागे काय होतं ते मला आठवत नव्हतं.

"प्रोफेसर, अर्धा माल दाखवायची माझी सवय नाही." आणि माइकजवळ तोंड नेऊन त्यानं वाचलं, "'इथे पेलेगचं बरोबर दिसतंय. या गाढवाला कसं कळलं? कुणाला सांगू नये.'"

मग जो हशा उसळला, तो मागच्या रांगेतून पुढे आला, पुढून मागे गेला आणि पुन्हा पुढे आला. पेलेग उभा राहून टाळ्या वाजवत होता! चौदा वर्षांपूर्वी कधीतरी बिस्कीट चघळता चघळता खरडलेली ती ओळ! आणि सगळ्या जगात ती प्रामाणिकपणे वाचून दाखवणारा एकच माणूस, तोही मीच घेऊन आलेला! वर हा मला विचारतो, "पुढचा नंबर?"

सण संपला. रब्बींनी खमीर परत विकत घेतलं. मी धावत जाऊन डबे काढले आणि मोजायला बसलो. चार हजार एकशे नव्याण्णव. पुन्हा मोजली. चार हजार एकशे नव्याण्णव!

फोन लावला. "नुबार! दोन हजार दोनशे सतरा कुठाय?"

"ते होय? ते विकलं. पाचव्या दिवशी पेलेगसाहेब दुकानात आले होते. त्यांना फार आवडलं ते कार्ड. दोन फ्रिज दिले हो दुरुस्तीला! भला माणूस! झटकून दिलंय, काळजी नको."

"माझं कार्ड विकलं?"

"पाचव्या दिवशी कुणाचं होतं, प्रोफेसर?"

रब्बींना फोन केला. ते तर खूशच झाले! म्हणाले, इतका खरा व्यवहार त्यांच्या हातून आजवर झाला नव्हता, पुढच्या वर्षी प्रवचनात सांगणार आहेत. त्सिलाला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं. एक तरी कमी झालं."

परवा एक विद्यार्थी तेल अवीवहून आला. पेलेगच्या खोलीत, टेबलाच्या बरोबर वर, एक सोनेरी चौकट टांगलीय म्हणे. आत कार्ड, मागची बाजू पुढे.

तेव्हा मंडळी, पुन्हा सांगतो. एकतीस वर्षांत माझं एकही कार्ड हरवलेलं नाही. कुठलं कार्ड कुठे आहे, मला पक्कं ठाऊक आहे!