मुकादमाचं चावणं सोडवताना

चिडलेल्याला शांत करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही! वॉशिंग मशीन विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार खिडकीवर मी बसतो. लोक तावातावाने येतात, काउंटरवर मुठी आपटतात आणि जाताना चक्क ‘थँक्यू’ म्हणून जातात. मशीन बंदच असतं, ती गोष्ट वेगळी! तेव्हा वीतभर पोपटाची माझ्यापुढे काय मिजास?

तर हा पोपट. वरच्या मजल्यावरचं कुटुंब दुसऱ्या शहरात राहायला निघालं आणि जाताना हा करडा, लाल शेपटीचा प्राणी आमच्या लेकीच्या हवाली करून गेलं. मान ताठ, छाती पुढे आणि दांडीवर सारख्या येरझाऱ्या, जणू आम्ही सगळे त्याच्या हाताखालचे मजूर. लेकीने नाव ठेवलं मुकादम. आल्या आल्या तो मला चावला, मग बायकोला चावला, आणि मग गळका नळ बघायला आलेल्या घरमालकांना!

“रविवारी येतो!” रुमालात बोट गुंडाळत घरमालक गरजले. “यापुढे कोणालाही, अगदी कोणालाही चावला, तर त्याच क्षणी पोपट घराबाहेर!”

लेकीचं तोंड एवढंसं झालं. तिने मुकादमासाठी खिडकीजवळचं आपलं अभ्यासाचं टेबल सोडलं होतं, आणि स्वतः जमिनीवर बसून गणितं करत होती. तिचे भरलेले डोळे मला बघवेनात.

“रडू नको बाळा,” मी छाती ठोकून म्हणालो. “रविवारपर्यंत याची गरीब गाय करून दाखवतो!”

“आधी बोटाला पट्टी लावून घ्या,” बायको म्हणाली.

माझी पद्धत अगदी सोपी होती. तो चावतो, आपण बोंबलतो, त्याला फुकट तमाशा मिळतो. म्हणून चावला की ओरडायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. मुकाट्याने त्याच्याकडे पाठ फिरवायची. तो शहाण्यासारखा वागला की वळायचं, ‘शाब्बास!’ म्हणायचं आणि एक शेंगदाणा द्यायचा.

“आणि तोवर बोटाचं काय?” बायकोने विचारलं.

“बोट सोसेल.”

बोटाने सोसलं, पण मला ते महागात पडलं. साहेबांचा फोन आला असताना मुकादमाने माझा अंगठा धरला. साहेब म्हणाले, “यापुढे शनिवारची पाळी तुम्ही करा. हरकत नाही ना?” मी डोळ्यांतलं पाणी आवरत भिंतीकडे तोंड करून उभा! “वा, कुरकुर नाही, काही नाही! असा माणूस पाहिजे,” म्हणत साहेबांनी फोन ठेवला.

पण गुण येत होता. मुकादमाची चोच बोटाशी येऊन थबकू लागली. सवय मात्र आम्हालाही लागली. चष्मा सापडेना म्हणून मी आरडाओरडा केला, तर मायलेकी दोघीही पाठ फिरवून गप्प! मी आवाज खाली आणला तेव्हा कुठे चष्मा मिळाला. सोबत शेंगदाणाही मिळाला. मी खाल्ला.

रविवारी घरमालक आले. लेकीने श्वास रोखून मुकादमाला बाहेर काढलं. स्वारी डुलत डुलत घरमालकांच्या मनगटावर चढली, त्यांचं घड्याळ न्याहाळलं, आणि चावली नाही! घरमालकांची मिशी जराशी हसली. लेकीने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात त्यांची नजर दाराच्या चौकटीवर गेली.

“हे कुरतडलं कोणी?” ते असे कडाडले की खिडकीची काच थरथरली. “दार आहे की बिस्किट? सागवान आहे सागवान!”

काय सांगू! बायको वळली. लेक वळली. मीही वळलो. भाडेकरूंचं अख्खं कुटुंब मालकांना पाठ दाखवून उभं! डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो तर मुकादमही त्यांच्या मनगटावर गर्रकन फिरून शेपटी त्यांच्या नाकासमोर धरून बसलेला!

संपलं सगळं, मला वाटलं.

बऱ्याच वेळाने मागून बारीक आवाज आला. “बरं... जरा पॉलिश करून घ्या, म्हणजे झालं.”

“शाब्बास!” लेक वळली आणि तिने घरमालकांच्या तळहातावर शेंगदाणा ठेवला. त्यांनी शेंगदाण्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तोंडात टाकला. “राहू दे तुमचा पोपट,” म्हणत ते जिना उतरू लागले.

लेक आनंदाने नाचू लागली. मी मुकादमाला खांद्यावर घेतलं. “बघितलंत? याला म्हणतात पद्धत! चिडलेला माणूस असो की पक्षी, माझ्यापुढे...”

मुकादमाने माझा कान धरला.

“आई गंऽऽऽ!” माझी सगळी पद्धत त्या एका किंकाळीत वाहून गेली. जिन्यावरची पावलं थांबली आणि धडधडत परत वर आली. लेकीने झटकन मुकादमाला पडद्यामागे लपवलं.

“काय झालं?” घरमालक दारात. “कानातून रक्त येतंय! चावला ना?”

लेकीचा चेहरा पांढराफटक. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

“छे छे!” मी म्हणालो. “पोपट नाही हो, ही चावली!”

घरमालकांनी बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे, फार कळवळून पाहिलं. “तुमचा घरचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. “माझी अट फक्त पोपटापुरती.” आणि ते गेले.

मुकादम वाचला! लेक माझ्या गळ्यातच पडली. बायकोने मात्र शांतपणे माझ्याकडे पाठ फिरवली.

ती अजून वळलेली नाही. मी अगदी शहाण्यासारखा वागतोय, आवाज खाली ठेवतोय, चष्मा स्वतः शोधतोय. शेंगदाणे संपलेत म्हणे.